मौलाना आझाद : कैद, शोक आणि श्रद्धा

वाचकहो, मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य आपल्या समाजात मिळणे कठीण. दरवर्षी ११ नोव्हेंबरला त्यांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते. फळ्यावर सुंदर अक्षरात त्यांचे नाव लिहिले जाते, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांच्या कार्याची यादी वाचून दाखवली जाते, आणि मुले घरी जातात. ती यादी येथे पुन्हा देण्याचा माझा विचार नाही.

मला आपल्यापुढे एक वेगळाच प्रश्न ठेवायचा आहे. घरात आजारपण आले, धंदा बुडाला, मुलगा परीक्षेत नापास झाला की आपण एकमेकांना सहज सांगतो : अल्लाहवर भरवसा ठेवा, सब्र करा. सांगणारा सांगून जातो. ज्याच्यावर प्रसंग आलेला असतो तो मात्र रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करीत राहतो, की भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर प्रवचनात शोधण्यापेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यात शोधणे मला अधिक बरे वाटते. म्हणून मौलानांच्या आयुष्यातील काही वर्षे येथे सांगतो.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. त्यांचे नाव मोहीउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे विद्वान आणि पीर होते, आई मदिनेच्या विद्वान घराण्यातील. पुढे हे कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. वडिलांचा शिष्यपरिवार फार मोठा होता. या मुलाने वडिलांच्या गादीवर बसावे, मुरीदांनी त्याचे हात चुंबावेत, अशी सर्व तयारी जन्मापासूनच झालेली होती. मुलगाही विलक्षण बुद्धिमान. जुन्या पद्धतीचा जो अभ्यासक्रम पुरा करण्यास इतरांना पंचविशी गाठावी लागे, तो त्याने सोळाव्या वर्षाच्या आसपास पुरा केला.

आणि इथेच, वाचकहो, पहिले संकट उभे राहिले. ते घरात नव्हते, बाहेर नव्हते, ते मनात होते. सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचनात आल्यावर या तरुणाला नवीन विद्येची ओढ लागली. पंथापंथांतील वाद पाहून त्याला प्रश्न पडू लागले. सत्य एक असेल तर त्याचे इतके दावेदार कसे? आपण जे मानतो ते पटले म्हणून मानतो, की वडिलांनी मानले म्हणून? वारशाने मिळालेली श्रद्धा त्याच्या हातून निसटली आणि काही वर्षे त्याला चैन पडेना. त्याच काळात त्याने आझाद हे नाव घेतले. जन्माने लादलेल्या समजुतींच्या बंधनातून मी मोकळा झालो, एवढाच त्या नावाचा तेव्हाचा अर्थ होता. इंग्रजांपासून स्वातंत्र्य हा अर्थ लोकांनी त्याला मागाहून जोडला.

आपल्याकडे अशी गोष्ट झाकून ठेवण्याची रीत आहे. थोर पुरुषाला शंका आली होती असे सांगणे आपल्याला बेअदबीचे वाटते. मौलानांनी ती झाकली नाही. शंकेच्या रानातून हिंडून आपण पुन्हा श्रद्धेपाशी आलो आणि आता जी श्रद्धा हाती आहे ती आपण स्वतः कमावलेली आहे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. पुढच्या आयुष्यात त्यांच्यावर जे आघात झाले ते उसन्या श्रद्धेवर निभावले असते असे मला तरी वाटत नाही.

१९१२ च्या जुलैमध्ये त्यांनी कलकत्त्यास अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक काढले. वय अवघे तेवीस. दोन वर्षांत त्याचा खप आठवड्याला सव्वीस हजार प्रतींवर गेला. उर्दू वृत्तपत्राने असा खप तोवर पाहिला नव्हता. सरकारने प्रथम जामीन मागितला, मग जप्त केला, पुन्हा मोठा जामीन मागितला आणि शेवटी छापखानाच गेला. मौलानांनी अल-बलाग या नावाने दुसरे पत्र काढले. मग १९१६ च्या एप्रिलमध्ये त्यांना बंगालबाहेर जाण्याचा हुकूम झाला. मुंबई, पंजाब, दिल्ली आणि संयुक्त प्रांत यांची दारे त्यांना आधीच बंद होती. उरला बिहार. ते रांचीला गेले आणि काही महिन्यांतच तेथे त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. हद्दपारीपासून मोजले तर पावणेचार वर्षे, १९१९ च्या अखेरपर्यंत, रांची हेच त्यांचे जग झाले.

अशा वेळी मनुष्य काय करतो? अर्ज-विनंत्या करतो, किंवा नशिबाला दोष देत दिवस ढकलतो. मौलाना जुम्याच्या दिवशी रांचीच्या जामा मशिदीत खुतबा देऊ लागले. गावातील मुसलमानांची शैक्षणिक स्थिती पाहून १९१७ मध्ये त्यांनी तेथे मदरसा इस्लामियाची स्थापना केली. शिक्षण संस्थेच्या या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. ज्याला स्वतःला गावाची वेस ओलांडण्याची परवानगी नव्हती, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उभारली. इमारतीसाठी वर्गणी जमत नाही म्हणून आपण वर्षानुवर्षे कुरकुरत बसतो, हे त्या वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि याच काळात त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम पुढे नेले. कुरआन शरीफचा उर्दू अनुवाद आणि भाष्य, म्हणजेच तर्जुमान-उल-कुरआन. या कामावर जे प्रसंग आले ते ऐकून लिहिण्यावाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या कोणाचेही काळीज हलेल. रांचीत घराची झडती झाली आणि हस्तलिखित पोलिसांनी नेले. मौलाना पुन्हा लिहू लागले. १९२१ च्या डिसेंबरमध्ये असहकार चळवळीत कलकत्त्यास अटक झाली तेव्हा पुन्हा झडती, पुन्हा कागद गेले. सुटकेनंतर कागद परत मिळाले, पण पाने विस्कटलेली, फाटलेली, पुष्कळशी निकामी. वर्षांची मेहनत रद्दीच्या ढिगाऱ्यासारखी समोर पडलेली. तो ढीग पाहून मौलानांचे मन उडाले. त्यानंतर काही वर्षे त्यांना त्या कामाला हात लावण्याचे धैर्यच झाले नाही. हे धैर्य न होणे फार माणसासारखे आहे, म्हणून मी ते सांगतो. सब्र म्हणजे डोळ्यांत पाणी न येणे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १९२७ मध्ये त्यांनी पुन्हा लेखणी उचलली, पहिल्यापासून. १९३० मध्ये काम एका टप्प्यावर आले, १९३१ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये दुसरा. तिसरा खंड मात्र त्यांच्या हयातीत निघाला नाही.

पहिल्या खंडाची अर्पणपत्रिका कोणाच्या नावे असेल असे आपणांस वाटते? एखाद्या नवाबाच्या? एखाद्या पुढाऱ्याच्या? ती आहे एका अनामिक माणसाच्या नावे. १९१८ च्या सुमाराची हिवाळ्यातील रात्र. रांचीत इशाची नमाज आटोपून मौलाना मशिदीबाहेर पडले तो कोणी मागून येत असल्याचे त्यांना जाणवले. वळून पाहतात तर घोंगडी पांघरलेला एक परदेशी गृहस्थ. चौकशी केली तेव्हा कळले की हा कंदाहारहून आला आहे. तेथून क्वेट्ट्यापर्यंत पायी. तेथे आपल्या मुलखाचे काही व्यापारी भेटले, त्यांच्याकडे चाकरी धरून आग्र्यापर्यंत. आणि आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. कशासाठी? अल-हिलाल आणि अल-बलागचे अंक त्याने वाचले होते आणि कुरआनातील काही भाग त्याला मौलानांकडून समजावून घ्यायचा होता! काही दिवस तो राहिला, शिकला आणि एके दिवशी न भेटताच निघून गेला. परतीच्या भाड्याचे पैसे मौलाना देऊ करतील आणि ते घ्यावे लागतील, या संकोचाने त्याने निरोप घेण्याचे टाळले होते. मौलानांना त्याचे नावही स्मरत नव्हते. पण ग्रंथ त्यांनी त्यालाच अर्पण केला.

विद्यार्थी मित्रहो, शाळा दोन मैलांवर आहे म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा या गृहस्थाची आठवण ठेवा. आणि याची दुसरी बाजूही पाहा. नजरकैदेत बसलेल्या, पत्र बंद पडलेल्या, हस्तलिखित हरवलेल्या एका माणसाला आपले लिहिणे वाया गेले असे वाटत असेल, नेमक्या त्याच वेळी कोणी तरी शेकडो कोस चालत त्याच्या दाराशी येत होते. अल्लाह मदत कोणत्या रूपाने धाडतो हे आपल्याला आधी कळत नाही.

तर्जुमानचा जो भाग सर्वांत गाजला तो सूरह फातिहाचे भाष्य. केवळ सात आयतींची ही सूरह. रोजच्या फर्ज नमाजांच्याच सतरा रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत ती पढली जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या ओठांवर ती इतकी बसलेली आहे की मन बाजारात असले तरी जीभ ती म्हणून टाकते. मौलानांनी या सात आयतींवर इतके विस्ताराने लिहिले की तो एक स्वतंत्र ग्रंथच झाला. परमेश्वराला रब्ब म्हणतो तेव्हा आपण काय म्हणतो? जो पायरीपायरीने, गरज ओळखून, वाढवतो आणि सांभाळतो तो रब्ब. मग त्याची दया, मग त्याचा न्याय, आणि अखेर दुआ. मौलाना दाखवून देतात की या दुआमध्ये माणूस संपत्ती मागत नाही, शत्रूचा नाश मागत नाही, एखाद्या जमातीचे वर्चस्व मागत नाही. तो मागतो सरळ वाट. संकट टळावे असे मागणे वेगळे आणि संकटात पाऊल कोठे ठेवावे हे दिसावे असे मागणे वेगळे. हा भेद लक्षात ठेवून पुढची हकिगत वाचावी अशी माझी विनंती आहे.

आता आपण १९४२ सालात येऊ, आणि आपल्या महाराष्ट्रातही. काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने मौलाना ३ ऑगस्टला कलकत्त्याहून मुंबईस निघाले. पत्नी जुलेखा बेगम दारापर्यंत पोचवायला आल्या. त्या बऱ्याच दिवसांच्या आजारी. हवापालटासाठी त्यांना रांचीला पाठवले होते, तेथून नुकत्याच परतल्या होत्या आणि चेहऱ्यावर थोडे तेज दिसू लागले होते. मौलानांना अटक होईल हे दोघांनाही कळत होते. खुदा हाफिज या पलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात मौलाना घरी राहिले किती आणि प्रवासात व तुरुंगात राहिले किती, याचा हिशेब त्या बाईंनी कधी मागितला नव्हता.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे मौलाना भुलाभाई देसाईंच्या घरी झोपलेले असताना पोलिस आले. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून खास गाडी सुटली. गांधीजींना वाटेत उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले आणि कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले. चांदबीबीने मोगलांविरुद्ध लढवला तो हाच किल्ला. शहराचे नाव आज अहिल्यानगर झाले आहे. नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आसफअली, डॉ. सय्यद महमूद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आदी मंडळी तेथे एकत्र होती. मौलानांचे वय तेव्हा त्रेपन्न. त्यांनी हिशेब केला तर त्यापूर्वीच्या कैदा सात वर्षे आठ महिने भरल्या. म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. आठवड्यातून एक दिवस कामातून सुटी असते, तशी ही सुटी आपल्याला मिळाली, असा विनोदही त्यांनी त्यावर केला.

किल्ल्यात मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहीत बसत. पांढऱ्या चमेलीचा चिनी चहा, दुधाशिवाय. दूध-साखर घालून उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. (या एका बाबतीत मौलानांशी माझे जमत नाही.) त्या वेळी त्यांनी आपले स्नेही नवाब सद्र यार जंग यांना पत्रे लिहिली. पत्रे धाडण्याची सोय नव्हती, तरी लिहिली. १९४६ मध्ये ती गुबार-ए-खातिर या नावाने पुस्तकरूपाने निघाली. परमेश्वराच्या अस्तित्वावर, आपल्या जुन्या शंकांवर, चहावर, संगीतावर, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर त्यांत लिहिले आहे. या चिमण्यांपुढे ते तांदळाचे दाणे टाकीत; हळूहळू त्या इतक्या धीट झाल्या की हातावर येऊन दाणा टिपू लागल्या. एकीचे नाव त्यांनी मोती ठेवले होते. आपल्या नमाज-रोज्याचे प्रदर्शन या पत्रांत कोठे आढळत नाही. ज्याचा व्यवहार ज्याच्याशी आहे त्याच्याशी तो आहे, अशीच त्यांची वृत्ती दिसते.

१९४३ च्या मार्चमध्ये तार आली की जुलेखा बेगमची प्रकृती चिंताजनक आहे. सुपरिंटेंडेंट भला माणूस होता. आपल्याला सरकारला काही कळवायचे असेल तर मी ते ताबडतोब मुंबईला पाठवतो, असे त्याने सुचवले. मौलानांनी सांगितले की सरकारला मला काही कळवायचे नाही. मग त्याने जवाहरलालजींना मध्यस्थी घातले. तेही येऊन बोलले. उत्तर तेच. ज्या सरकारशी लढा पुकारला त्याच्याकडे स्वतःच्या घरासाठी सवलत मागायची नाही, एवढी ती साधी गोष्ट होती. परंतु ती साधी गोष्ट म्हणजे छत्तीस वर्षांच्या सोबतिणीला अखेरचे न पाहणे. हा निर्णय बरोबर की चूक हे मी आपणांस सांगणार नाही. मी स्वतः त्या जागी असतो तर अर्ज केला असता, हे मात्र कबूल करतो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, हे त्यांनी ११ एप्रिलच्या पत्रात सांगितले आहे. रोजचा कार्यक्रम त्यांनी तसूभर बदलला नाही. ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी लिहिणे, ठरल्या वेळी सर्वांबरोबर जेवायला बसणे. दुपारी वर्तमानपत्रे येत. पावलांचा आवाज आला की छातीत धडधड सुरू होई. आणणाऱ्याला हसून ती मेजावर ठेवायला सांगत आणि जणू घाई नाही अशा थाटात हातातले लिखाण चालूच ठेवीत. कोणाला चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ही सारी धडपड. आणि मग ते एक कबुली देतात, जी कोणी थोर पुरुष सहसा देत नाही. हे शांतपण पुष्कळसे दिखाऊ होते, त्यात मनाचा ताठा होता, आत सर्व उलटेपालटे झालेले होते, असे ते सांगतात. मला ही कबुली त्यांच्या विद्वत्तेपेक्षा मोठी वाटते. दुःख झालेच नाही असे ते म्हणत नाहीत, आणि देवाने का दिले असेही म्हणत नाहीत.

९ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास तारेने बातमी आली. जुलेखा बेगम गेल्या. किल्ल्याच्या आवारात, त्यांच्या खोलीसमोरच, एक जुनी कबर होती. कोणाची ते कोणालाच ठाऊक नव्हते. आल्यापासून मौलाना ती रोज पाहत होते. आता मात्र तिच्याकडे पाहताना वेगळाच जिव्हाळा वाटू लागला, असे त्यांनी लिहिले आहे. संध्याकाळी त्यांची नजर तिच्यावर खिळून राहिली. तीन महिन्यांनी भोपाळहून आणखी एक बातमी आली. बहीण आबरू बेगमही आजारी पडून अल्लाहला प्यारी झाली होती. तुरुंगात आले तेव्हा मौलानांचे वजन १७० पौंड होते. किल्ल्यातून बाहेर पडले तेव्हा १३० पौंड. शरीराने जे सोसले ते चेहऱ्याने कोणाला सांगितले नव्हते.

१९४५ मध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलवण्यात आले आणि १५ जूनला सुटका झाली. कलकत्त्याच्या हावडा स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला होता. घोषणा, हार, फुले. गर्दीतून वाट काढीत मोटार निघाली. तीन वर्षांपूर्वी दारात उभी राहिलेली पत्नी त्यांना आठवली. आता ते घर तेच होते, दार तेच होते, दारात मात्र कोणी नव्हते. घरी जाण्याआधी मोटार कबरस्तानाकडे घेण्यास त्यांनी सांगितले. मोटारीत लोकांनी घातलेल्या हारांचा ढीग पडला होता. त्यांतला एक उचलून मौलानांनी कबरीवर ठेवला आणि उभे राहून मनातल्या मनात फातिहा पढली.